प्रयोगशाळेत जुळलेला संसार

कामाच्या ठिकाणी ओळख झाली, लग्न झाले आणि मग बाईचेच काम सुटले, असे आम्ही वस्तीवस्तीत पाहतो. मेरी आणि पिएर क्युरी यांचे तसे झाले नाही.

मेरी पोलंडच्या. तिथे मुलींना विद्यापीठ बंद, म्हणून १८९१ साली त्या पॅरिसला आल्या. १८९४ मध्ये पोलादाच्या चुंबकीय गुणांवर काम मिळाले, पण उपकरणे मांडायला जागा नव्हती. जागेच्या शोधातच पिएर यांची गाठ पडली. त्यांनी मागणी घातली, पण मेरी लगेच ‘हो’ म्हणाल्या नाहीत. त्यांना मायदेशी जायचे होते. क्राकोव्हच्या विद्यापीठाने बाई म्हणून नाकारले, तेव्हा त्या परतल्या.

२६ जुलै १८९५ रोजी पॅरिसजवळच्या गावात, नगरपालिकेच्या कचेरीत लग्न लागले. पुरोहित नाही, अंगठी नाही. नवरीचा पोशाख गडद निळा, पुढे प्रयोगशाळेत वापरता यावा म्हणून! आहेराच्या पैशांतून दोन सायकली घेतल्या. कर्ज काढून मांडव घालणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

१८९८ मध्ये दोघांच्या कामातून पोलोनियम आणि रेडियम सापडले. १९०३ च्या नोबेलसाठी मात्र पिएर आणि बेकरेल यांचीच नावे सुचवली गेली. कळताच पिएर यांनी पत्र लिहून मेरींचा वाटा ठामपणे सांगितला. पुरस्कार तिघांना मिळाला. घरात बायकोचे कौतुक कोणीही करील, हे पत्र आम्हाला मोठे वाटते.

१९०६ साली पिएर घोडागाडीखाली सापडून वारले. पदरी दोन लहान मुली. विद्यापीठातला त्यांचा वर्ग मेरींनी पुढे चालवला.