सचेतनीकरण, मोबाइल पडद्यावरील

मोबाइल दूरध्वनीच्या पडद्यावरील बटणे, याद्या, चिन्हे इ. घटकांचे स्थान, आकार, रंग वा पारदर्शकता यांत क्रमाक्रमाने बदल करून हालचालीचा आभास निर्माण करण्याच्या तंत्रास मोबाइल पडद्यावरील सचेतनीकरण म्हणतात. व्यवहारात त्यासाठी ‘ॲनिमेशन’ हा शब्द रूढ आहे. प्रत्येक ॲपसाठी ही हालचाल मुळापासून न लिहिता ती तयार आज्ञावलींच्या एखाद्या संग्रहाकडून करवून घेण्यात येते. अशा संग्रहास संगणक व्यवसायात ‘लायब्ररी’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी ‘आज्ञासंग्रह’ ही संज्ञा वापरली आहे.

या हालचालीचा हेतू केवळ शोभेचा नसतो. बोट टेकताच बटण किंचित दबल्यासारखे दिसले, तर स्पर्शाची नोंद झाल्याचे कळते. नवे पान उजवीकडून सरकत आले, तर मागे जाण्याची दिशा लक्षात राहते. चक्र फिरताना दिसले, तर काम चालू आहे असे समजते. पडद्यावरील प्रत्येक हालचाल हे अशा रीतीने वापरणाऱ्यास उद्देशून केलेले एक विधान असते. आज्ञासंग्रहामुळे हालचाल घडविणे सोपे झाले आहे. ती वस्तुस्थितीला धरून आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र ॲप तयार करणाऱ्यावरच राहते.

पूर्वपीठिका : थोड्याथोड्या फरकाची स्थिर चित्रे वेगाने एकामागून एक दाखविली असता डोळ्यांना सलग हालचाल भासते, हे तत्त्व चित्रपटाहूनही जुने आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ या लघुपटात रोपाची वाढ एकेका चौकटीने टिपून ती पडद्यावर काही क्षणांत घडताना दाखविली. जर्मन कलावती लोटे रायनिगर (१८९९–१९८१) यांनी काळ्या कागदातून कापलेल्या, सांध्यांशी हलणाऱ्या छायाकृती वापरून प्रिन्स आखमेद याच्या साहसांवरील प्रदीर्घ चित्रपट १९२६ मध्ये प्रदर्शित केला. प्रत्येक चौकटीसाठी नवी आकृती न काढता त्याच आकृतीचे अवयव हलवावयाचे, ही त्यांची रीत आजच्या संगणकीय सचेतनीकरणाशी जवळचे नाते सांगते.

ॲपल कंपनीने २००७ मध्ये आपल्या संगणकांसाठी ‘कोअर ॲनिमेशन’ हा आज्ञासंग्रह उपलब्ध केला. अँड्रॉइड प्रणालीत २०११ मध्ये घटकाच्या कोणत्याही गुणधर्मात कालानुसार बदल घडविणारी व्यवस्था आली. एअरबीएनबी या कंपनीने २०१७ मध्ये सर्वांना विनामूल्य खुला केलेला आज्ञासंग्रह रायनिगर यांच्या नावावरून ‘लॉटी’ म्हणून ओळखला जातो. चित्रकाराने ‘आफ्टर इफेक्ट्स’ या आज्ञावलीत केलेली रचना ‘बॉडीमूव्हिन’ या पूरक आज्ञावलीच्या साहाय्याने मजकुराच्या स्वरूपातील धारिकेत उतरविली जाते आणि लॉटी ती वाचून मोबाइलवर चित्र हलविते. चित्रकाराची कृती आज्ञावलीकाराने पुन्हा हाताने लिहिण्याचे श्रम त्यामुळे वाचले.

कार्यपद्धती : सामान्य मोबाइलचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटला जातो; म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी सु. १६·७ मिलिसेकंद मिळतात. सेकंदाला १२० वेळा रेखाटणाऱ्या पडद्यावर हा अवधी सु. ८·३ मिलिसेकंद असतो. आज्ञासंग्रहास प्रारंभीचे मूल्य, अखेरचे मूल्य, कालावधी व गतीचा वक्र अशा चार गोष्टी सांगाव्या लागतात. प्रत्येक चौकटीच्या वेळी तो प्रारंभापासून किती काळ लोटला हे पाहतो आणि त्यावरून घटकाचे त्या क्षणीचे स्थान काढतो. स्थान चौकटींच्या संख्येवरून नव्हे, तर लोटलेल्या काळावरून काढले जात असल्यामुळे एखादी चौकट हुकली तरी घटक ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागीच पोहोचतो.

गती एकसारखी ठेवल्यास हालचाल यांत्रिक वाटते. कारण निसर्गातील वस्तू सावकाश वेग घेतात व सावकाश थांबतात. उदा., एखादा फलक ३०० मिलिसेकंदांत ८० एकके सरकवावयाचा असेल, तर एकसारख्या गतीने १५० मिलिसेकंदांनंतर तो ४० एककांवर असेल. शेवटी मंदावणारा वर्गसमीकरणाचा वक्र वापरल्यास तो त्याच क्षणी ६० एककांवर असेल व उरलेले अंतर हळूहळू कापील. असे वक्र बहुधा बेझ्ये वक्रांच्या साहाय्याने मांडतात. फ्रान्समधील रेनो मोटार कंपनीतील अभियंते प्येअर बेझ्ये यांनी मोटारींच्या बाह्यांगाचे आकार रेखाटण्यासाठी या वक्रांचा वापर १९६०–७० या दशकात रूढ केला.

आकृतीचे वर्णन : हलत्या चित्राच्या सर्व चौकटी साठविण्याऐवजी आकृतीचे व तिच्या गतीचे वर्णन साठविणे, हे लॉटीसारख्या आज्ञासंग्रहांचे वैशिष्ट्य होय. पालघर जिल्ह्यातील वारली चित्रकला हे समजण्यास सोयीची आहे. गेरू वा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली मनुष्याकृती मुख्यत्वे एक वर्तुळ, टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण आणि हातापायांच्या रेषा यांची बनते. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांनी ही शैली जगापुढे नेली. तिच्यातील तारपा नृत्याचे चित्र पडद्यावर हलवावयाचे झाल्यास एकच नर्तकाकृती रेखाटून तिच्या प्रती वलयावर मांडता येतात व सबंध वलय तारपावादकाभोवती फिरविता येते. तीन सेकंदांच्या अशा चित्राच्या १८० चौकटी होतात. रुंदी व उंची प्रत्येकी ३०० बिंदू असलेली प्रत्येक चौकट संकोचन न करता साठविल्यास, बिंदूस ४ बाइट या हिशोबाने, एकूण सु. ६ कोटी ४८ लक्ष बाइट लागतात. आकृतीचे बिंदू, वलयाचा मध्य, कोन व कालावधी एवढीच माहिती साठविल्यास काही हजार बाइट पुरे होतात. शिवाय पडदा लहान असो वा मोठा, रेषा सुबकच राहतात. मंद जाळ्यावर व अल्प स्मृतीच्या दूरध्वनीवर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

हालचाल व वस्तुस्थिती : जुलै २०१५ मध्ये पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट–डहाणू रोड या उपनगरी मार्गावर अनारक्षित प्रवासाचे कागदविरहित तिकीट मोबाइल ॲपद्वारे देण्याची सोय सुरू झाली. पालघर व बोईसर ही स्थानके याच मार्गावर आहेत. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामास निघालेला प्रवासी तिकिटाचे पैसे भरतो, अशी कल्पना करू. बटण दाबल्यापासून तिकीट मिळेपर्यंत व्यवहाराच्या निदान चार अवस्था संभवतात : मागणी पाठविली, उत्तराची प्रतीक्षा, तिकीट मिळाले, व्यवहार फसला. बटण दाबताच उमटणारी हिरवी बरोबरची खूण दिसावयास आकर्षक असते. पण जाळे मध्येच तुटले, तर प्रवासी तिकीट मिळाले असे समजून गाडीत चढतो व विनातिकीट ठरतो. चक्र अखंड फिरत राहिले, तर तो दुसऱ्यांदा पैसे भरण्याचा संभव असतो. यासाठी फिरते चक्र प्रतीक्षेच्या अवस्थेशी व हिरवी खूण केंद्रीय संगणकाच्या होकाराशीच जोडावी लागते. तसेच ठराविक काळात उत्तर न आल्यास चक्र थांबवून तसे शब्दांत सांगावे लागते. अवस्था व त्यांतील संक्रमणे आधी निश्चित करून मग प्रत्येकीस हालचाल नेमून देणे, ही त्यामुळे योग्य पद्धत समजली जाते.

हा प्रश्न मोबाइलपुरता मर्यादित नाही. बोईसरपासून जवळच तारापूर येथे १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. अशा केंद्रांत यंत्राची अवस्था कर्मचाऱ्यांना मुख्यत्वे नियंत्रण कक्षातील दर्शकांवरून कळते. तारापूरहून वेगळ्या प्रकारची अणुभट्टी असलेल्या अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी झालेल्या अपघातात एका दिव्याने कर्मचाऱ्यांची दिशाभूल केली. दाबमोचक झडपेचा विद्युत् पुरवठा खंडित होताच तो दिवा विझे. झडप प्रत्यक्षात मिटली की नाही, हे तो दाखवीत नसे. दिवा विझला, झडप मात्र उघडीच अडकून राहिली. दोन तासांहून अधिक काळ तिच्यातून शीतक जल निसटत राहिले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा सु. निम्मा भाग वितळला. आज्ञा दिली जाणे व ती अमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी असून दर्शकाने दुसरी दाखवावयास हवी, हा या घटनेचा बोध पडद्यावरील हिरव्या खुणेलाही लागू पडतो.

मर्यादा व दक्षता : चौकटीच्या अवधीत इतर जड गणिते चालू राहिल्यास चौकटी हुकतात व हालचाल अडखळते. म्हणून स्थान, परिमाण, वळण व पारदर्शकता यांतील बदल शक्यतो चित्रसंस्कारकावर सोपवितात. बारीकसारीक तपशिलांनी भरलेली रचना अल्प क्षमतेच्या दूरध्वनीवर मंदावते व विद्युत् घटाचा व्ययही वाढविते. वारंवार करावयाच्या कृतीत दीर्घ हालचाल कंटाळवाणी होते. तेथे ती २०० ते ३०० मिलिसेकंदांत आटोपणे इष्ट असते.

आंतरकर्णाच्या विकारामुळे काही व्यक्तींना पडद्यावरील वेगवान सरकण्याने वा मोठे होत जाणाऱ्या चित्राने घेरी किंवा मळमळ होते. अशा व्यक्तींसाठी मोबाइल प्रणालींत हालचाल कमी करण्याची सोय दिलेली असते आणि ॲपने ती पाळणे आवश्यक असते. अपस्माराच्या काही रुग्णांना लुकलुकणारा प्रकाश अपायकारक ठरतो. म्हणून कोणताही घटक सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा चमकू नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांच्यासाठी हालचालीतून सांगितलेली प्रत्येक गोष्ट शब्दांतही उपलब्ध असावी लागते. हालचाल पूर्णतः बंद केली असतानाही ज्या ॲपचा अर्थ कळतो, त्यातील सचेतनीकरण योग्य प्रकारे योजिलेले आहे, असे म्हणता येते.