चेंडूच्या वाटेचा हिशेब

२००१ साली लॉर्ड्सवर इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत ‘हॉक-आय’ प्रथम टीव्हीवर आले, तेव्हा ते प्रेक्षकांना पायचीत समजावून सांगण्याचे साधन होते. पुढे ते पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याच्या ‘डीआरएस’ पद्धतीत वापरले गेले. भारताने २००८मध्ये श्रीलंकेत डीआरएस अजमावले, पुढे द्विपक्षीय मालिकांत बरीच वर्षे नाकारले आणि २०१६च्या इंग्लंड मालिकेपासून स्वीकारले. या साऱ्या काळात वाद रंगला तो बाद-नाबादचा. कोणता चेंडू कोणत्या फलंदाजाला जड जातो, हे सांगण्याची चेंडूच्या वाटेच्या नोंदीची ताकद मात्र त्याहून मोलाची आहे.

बेसबॉलने ती लवकर ओळखली. २००८पर्यंत अमेरिकेच्या मेजर लीगच्या मैदानांवर चेंडूची वाट टिपणारे ‘पिच-एफएक्स’चे कॅमेरे लागले, २०१५मध्ये ‘स्टॅटकास्ट’ आले आणि २०२०पासून त्यात हॉक-आयचेच कॅमेरे आहेत. एकाच पिचरविरुद्धचे (चेंडू फेकणाऱ्याविरुद्धचे) वीस-तीस चेंडू योगायोगानेही फसवतात. म्हणून वेग, फिरकी आणि चेंडू हातातून सुटण्याची जागा पाहून सारख्या पिचरांचा गट करणे अधिक भरवशाचे. क्रिकेटमध्येही तेच. श्रीरामपूरच्या डावखुऱ्या झहीर खानने ग्रॅमी स्मिथला वारंवार बाद केले, हे सर्वज्ञात आहे. पण बळींचा आकडा घडलेले तेवढे सांगतो. चेंडू कुठून सुटला, टप्पा कुठे पडला, किती वळला, हे कळले तरच दुसऱ्या डावखुऱ्या गोलंदाजाला त्यातून शिकता येते.

क्रिकेटचा चेंडू टप्पा खातो, त्यामुळे बेसबॉलचे गणित इथे लागू पडत नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. खेळपट्टी बदलली की त्याच टप्प्याचा चेंडू वेगळा उसळतो. मग नोंदीत खेळपट्टीही लिहावी. यंत्रामुळे खेळाडूची उपजत जाण मरते, ही भीतीही ऐकू येते. पण चेंडू कुणाच्या हाती द्यायचा, हे कर्णधारच ठरवतो, नोंद त्याला फक्त आधार देते. खर्चाचा आक्षेप सर्वांत वजनदार. शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांच्या मैदानांवर हॉक-आय परवडणार नाही. तरी गोलंदाजामागे तिपाईवर मोबाइल ठेवून प्रत्येक चेंडूचा टप्पा, दिशा आणि परिणाम वहीत उतरवता येतो. वेग अचूक मिळणार नाही, पण आखूड चेंडूवर कोण अडखळतो, हे हंगामभरात दिसू लागेल. शिरूर आणि दौंडच्या प्रशिक्षकांनी येत्या हंगामापासून धावांच्या वहीत टप्प्याचा एक रकाना वाढवावा.