मानेतील नीला आणि हवेचा बुडबुडा
शस्त्रक्रियेतील एका अदृश्य धोक्याचे निवारण

यवतमाळ जिल्हा कापसाचा जिल्हा म्हणून विख्यात आहे. परंतु विदर्भातील अन्य जिल्ह्यांप्रमाणेच येथेही तंबाखू, सुपारी व चुना घोटून तयार केलेल्या खर्ऱ्याचे व्यसन खेडोपाडी पसरलेले आहे आणि त्याची परिणती अनेकदा मुखाच्या कर्करोगात होते. अशा रुग्णावर शस्त्रक्रिया करताना केवळ तोंडातील व्रण काढून भागत नाही. रोग मानेतील गाठींपर्यंत पोहोचला असल्यास त्या गाठीही काढाव्या लागतात. या गाठी मानेतील मोठ्या रक्तवाहिन्यांना अगदी बिलगून असतात. म्हणून मान व मस्तक यांवरील शस्त्रक्रियांत रक्तस्रावाइतकाच आणखी एका धोक्याचा विचार शल्यचिकित्सकास करावा लागतो. तो म्हणजे रक्तात शिरणारी हवा.

हवा आत कशी शिरते?

शरीरातील रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या वाहिन्यांस नीला म्हणतात. हातापायाची नीला कापली गेली की रक्त बाहेर येते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. मानेतील नीलेची गोष्ट निराळी आहे. माणूस बसलेला असताना किंवा त्याचे डोके उंच ठेवलेले असताना मान हृदयाच्या वरच्या पातळीवर असते. अशा वेळी तेथील नीलेतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होऊ शकतो. श्वास आत घेताना तो आणखी उतरतो. त्या क्षणी नीलेला छिद्र पडले तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते.

विहिरीवर मोटारपंप चालविणाऱ्या शेतकऱ्यास हे सहज उमगेल. पंपाच्या ओढनळीचा सांधा सैल झाला तर तेथून पाणी गळत नाही. उलट नळी हवा धरते. मोटार चालू राहते, पण पाणी चढत नाही. हृदयाचेही तसेच होते. आत आलेली हवा हृदयाच्या उजव्या कप्प्यात रक्ताशी घुसळून फेस बनते, फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अडतो आणि हृदय चालू असूनही रक्त पुढे सरकत नाही. या अवस्थेस ‘वायु-अंतर्कीलन’ अशी संज्ञा असून डॉक्टर मंडळी तिला ‘एअर एंबॉलिझम’ म्हणतात. थोडी हवा फुप्फुसे सहन करतात; मात्र सुमारे २०० ते ३०० मिलिलिटर हवा एकदम शिरल्यास प्रौढ माणसाच्या जीवावर बेतू शकते. शिवाय सुमारे चौथा हिस्सा लोकांत हृदयाच्या दोन अलिंदांमधील जन्मजात फट पूर्णपणे मिटलेली नसते. अशांच्या बाबतीत बुडबुडा डाव्या बाजूस जाऊन मेंदूपर्यंत पोहोचण्याची भीती असते.

पेच आणि उपाय

येथे शल्यचिकित्सकापुढे पेच असतो. डोके किंचित उंच ठेवले तर रक्तस्राव कमी होतो व काम स्वच्छ दिसते. परंतु त्याच उंचीमुळे हवा शिरण्याचा संभव वाढतो. रुग्णास बसवून करावयाच्या मेंदूच्या काही शस्त्रक्रियांत तर हा धोका विशेष असतो. म्हणून भूलतज्ज्ञ सतत पहारा देत असतात. रुग्णाच्या उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण एकाएकी घसरले की त्यांना संशय येतो. छातीवर ठेवलेल्या डॉप्लर यंत्राच्या आवाजातील बदलही हवेची वर्दी देतो.

हवा शिरल्याचे ध्यानी येताच शस्त्रक्रियेची जागा सलाइनने भिजविली जाते, मानेतील नीलांवर दाब दिला जातो, रुग्णाचे डोके खाली केले जाते आणि त्यास शुद्ध प्राणवायू देण्यात येतो. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू चालू असल्यास तो तत्काळ बंद करतात, कारण त्यामुळे बुडबुडा फुगतो. हृदयाच्या उजव्या अलिंदापर्यंत नेलेल्या बारीक नळीवाटे, म्हणजे कॅथेटरवाटे, हवा शोषून घेण्याचा उपाय १९६६ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी मांडला.

फुग्याच्या कॅथेटरची कल्पना

कॅथेटरच्या टोकाशी फुगा बसविण्याची युक्ती वैद्यकशास्त्रास त्याआधीच अवगत झाली होती. १९६३ मध्ये थॉमस फोगार्टी यांनी रक्तवाहिनीतील गुठळी ओढून काढण्यासाठी असे साधन प्रसिद्ध केले, तर १९७० मध्ये स्वान व गँझ यांनी फुग्याच्या साहाय्याने कॅथेटर हृदयातून फुप्फुसाच्या वाहिनीपर्यंत नेऊन दाखविला. हेच तत्त्व हवा रोखण्यासाठी वापरण्याची कल्पना पुढे मांडली गेली.

तीत डोके, मान व हात यांकडून रक्त आणणाऱ्या ऊर्ध्व महानीलेत हृदयाच्या अलीकडे फुगा नेऊन ठेवतात. हवा शिरल्याची वर्दी मिळताच तो फुगविला की तीन गोष्टी साधतात. हवेची हृदयाकडे जाण्याची वाट बंद होते. अडलेली हवा नळीच्या छिद्रांतून शोषून घेता येते. आणि फुग्याच्या वरील बाजूस रक्त तुंबून दाब वाढल्यामुळे उघड्या नीलेतून रक्त बाहेर येऊ लागते व छिद्र नेमके कोठे आहे, ते शल्यचिकित्सकास दिसते. मात्र मस्तकाकडून येणारे रक्त फार वेळ अडविणे मेंदूस घातक असल्याने फुगा अल्पकाळच फुगवून ठेवता येतो. ही पद्धत सर्वत्र रूढ झालेली नाही. दक्षता, रुग्णाची योग्य स्थिती व तत्परता हाच आजही मुख्य आधार आहे.

ग्रामपातळीवरील कर्तव्य

हा धोका शस्त्रक्रियागृहापुरता मर्यादित नाही. नायलॉनच्या मांजाने गळा चिरणे, तारेच्या कुंपणावर पडणे, विळा लागणे किंवा वाहनाचा अपघात यांमुळेही मानेतील नीला उघडी पडू शकते. अशा वेळी जखमीस बसवू नये किंवा डोक्याखाली उशी देऊ नये. त्यास आडवे निजवून जखमेवर स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवावी व तळहाताने ती सतत दाबून धरावी. घडी उचलून पाहू नये, गळ्याभोवती आवळून पट्टी बांधू नये, श्वासनलिकेवर दाब देऊ नये. जखमेत रुतलेली वस्तू उपटू नये. तोंडात रक्त साचत असल्यास जखमीस डाव्या कुशीवर वळवावे. २०१४ पासून राज्यात सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेस त्वरित बोलवावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर बंदी घातली आहे. तिची अंमलबजावणी गावातील दुकानापासून व शाळेपासून सुरू व्हावयास हवी.

कर्करोगाच्या बाबतीतही तेच सूत्र लागू पडते. रोग लवकर ओळखला गेला तर मानेतील मोठी शस्त्रक्रिया पुष्कळदा टळते किंवा लहान होते. तोंडातील पंधरा दिवसांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे किंवा मानेत गाठ येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. १९८९ मध्ये यवतमाळ येथे स्थापन झालेल्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जिल्ह्यातच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक शस्त्रक्रियांचा समावेश असून योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र मार्गदर्शन करतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तिच्या जोडीला शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत खर्ऱ्याविरुद्ध सातत्याने प्रबोधन केले, तर पुसद-उमरखेडपासून वणी-झरीपर्यंतच्या कितीतरी कुटुंबांवर शस्त्रक्रियागृहाबाहेर चिंतेत बसून राहण्याची वेळच येणार नाही.