जबडा दुखतोय? घोरण्याचीही चौकशी करा

घोडबंदर रोडच्या कोंडीत सकाळीच जांभया आल्या, की दोष रस्त्याला दिला जातो. पण रात्री घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि उठल्यावर कानापुढचा सांधा दुखणे हे सगळे एकत्र असेल, तर स्लीप ॲप्नियाची शंका घ्यावी. अमेरिकेतील 'ओपेरा' संशोधनात (२०१३) ॲप्नियाची दोन किंवा अधिक लक्षणे असलेल्या प्रौढांत जबड्याच्या सांध्याचा विकार नव्याने जडण्याचे प्रमाण ७३ टक्के जास्त आढळले. खरी गोम उपचारात आहे. खालचा जबडा पुढे धरून श्वासमार्ग मोकळा ठेवणारे, दातांवर बसणारे उपकरण दुखऱ्या सांध्यावर ताण आणू शकते. म्हणून आधी झोपेची चाचणी, मग डेंटिस्टकडून सांध्याची तपासणी. मास्कमधून हवेचा दाब देणाऱ्या सीपॅप यंत्राचा पर्याय आहेच.