मांडव्याच्या बोटीत कुठे बसावं?

गेटवेवर मांडव्याची बोट लागली की पहिली झुंबड उडते ती वरच्या डेकवर, कठड्याजवळच्या जागांसाठी. फोटो काढायचे असतात, सीगलना वेफर्स भरवायचे असतात (ते भरवू नयेत, पण तो विषय वेगळा). थोड्या वेळाने कुलाब्याचं टोक मागे पडतं, उघड्या समुद्राच्या लाटा येऊ लागतात आणि त्याच जागांवरची दोन-चार माणसं एकाएकी गप्प होतात. जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर थंड घाम येतो. उलटी त्यानंतरची. घाटात गाडी लागते तशी ही बोट लागते.

पेण-वडखळमार्गे रस्त्याने अलिबाग गाठायचं तर जवळजवळ शंभर किलोमीटर. समुद्रातून मांडवा साधारण तासाभरावर. त्यामुळे सुट्टीत रायगडच्या किनाऱ्यावर येणाऱ्यांचा, आणि आता रोजच्या कामाला जाणाऱ्यांचाही, ओढा बोटीकडे असतो. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली तेव्हापासून गाडीसकट जाता येतं. एवढ्याशा प्रवासात जागा ती काय निवडायची, असं वाटेल. पण बोट लागणाऱ्या माणसाला तो एक तास फार मोठा असतो.

आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला ते कळतं. त्यांच्याच शेजारी कॅल्शियमच्या सूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. वर-खाली किंवा मागे-पुढे झालेली हालचाल तो टिपतो. बोटीच्या बंद केबिनमध्ये तुम्ही मोबाइल बघत असता तेव्हा डोळे सांगतात, सगळं स्थिर आहे. कान सांगतात, आपण चांगलेच हलतो आहोत. या दोन साक्षींचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. म्हणूनच गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं.

हलण्याचा वेगही महत्त्वाचा. रिक्षाच्या दणक्यांनी कंबर दुखते, मळमळत नाही. त्रास देतो तो सावकाश झोका, साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारा. समुद्राच्या लाटेवर बोट नेमकी अशाच संथ लयीत हलू शकते.

आता जागेचं बघू. बोट लाटेवर सी-सॉसारखी हलते. दोन्ही टोकं उचलली जातात आणि आपटतात. मधला भाग सर्वांत कमी हलतो. नाळेकडची, म्हणजे अगदी पुढची जागा सर्वांत वाईट. डावी-उजवीकडे झुकण्याचंही तसंच: जितकं उंच बसाल तितका झोका मोठा. या हिशेबाने खालच्या डेकवर मधोमध, किंचित मागच्या अंगाला बसणं उत्तम. विमानात पंखाजवळची जागा कमी हलते, त्यामागचं तत्त्व हेच.

पण खालचा डेक बहुधा बंद असतो. काचेवर खारं पाणी उडून बाहेरचं धूसर दिसतं, कुणीतरी वडापाव उघडलेला असतो. वरच्या डेकवर झोका जास्त, तरी मोकळी हवा आणि क्षितिज मिळतं, आणि क्षितिजावर नजर ठेवली की डोळे आणि कान पुन्हा एकमेकांशी जुळतात. माझं मत विचाराल तर, समुद्र शांत असेल तर वर, पण कठड्याला न लगटता मधल्या रांगेत बसावं. लाटा असतील तर खाली मध्यभागी, खिडकीतून बाहेर दिसेल असं, तोंड प्रवासाच्या दिशेला करून. अगदी मागे इंजिनाच्या धुराचा वास येतो, तोही मळमळ वाढवतो. रो-रोतही गाड्यांच्या डेकवर न रेंगाळता वर येऊन बसावं.

शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मंद मतलई वारा असतो, समुद्र बराच शांत. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, मार्च ते मे या काळात विशेष. बोट लागत असेल तर सकाळची फेरी घ्या. पावसाळ्यात गेटवेच्या प्रवासी बोटी बंदच असतात. रो-रो हवामान पाहून चालते. बोटी पुन्हा सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडेही समुद्र पुरता निवलेला नसतो.

पोट रिकामं ठेवू नये, तुडुंबही भरू नये. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि अर्धशिशी असणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. आलेपाक चघळायला हरकत नाही. आल्याच्या परिणामाबद्दल संशोधकांत एकमत नाही, पण अपायही नाही. औषधांत प्रोमेथाझिन किंवा सिनॅरिझिनसारख्या गोळ्या निघण्याआधी एक-दोन तास घ्याव्या लागतात. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बरेचदा वायाच जाते. घरात पडलेली ऑन्डॅन्सेट्रॉनची ‘उलटीची गोळी’ इथे फारशी उपयोगी नाही, ती वेगळ्या कारणांच्या उलट्यांसाठी असते. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचं: या गोळ्यांनी झोप येते. रो-रोतून उतरून स्वतः गाडी चालवत अलिबाग, मुरूड गाठायचं असेल तर चालकाने गोळी घेऊ नये. त्याने मधली जागा आणि क्षितिज यांवरच भागवावं.

जागा निवडताना आणखी एक गोष्ट बघायची: लाइफ जॅकेट कुठे आहे आणि बाहेर पडायचं दार किती रांगा दूर आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीड बोट आदळली, १५ जणांचे जीव गेले. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ वादळी समुद्रात उलटली तेव्हा बळींची संख्या सहाशेहून अधिक होती. जॅकेट बांधलेलं असेल तरच उपयोगाचं. बुडत्या बोटीत ते शोधायला आणि पट्टे आवळायला वेळ मिळत नाही. मुलांना त्यांच्या मापाचं मागून घ्या. डॉल्फिन दिसला म्हणून सगळ्यांनी एका कठड्याशी धावू नये, कारण उभी माणसं एका बाजूला गोळा झाली की बोटीचा तोल त्या बाजूला जातो.

परतीचं गणित वेगळं असतं. जाताना उघडा समुद्र उजव्या हाताला, येताना डाव्या. संध्याकाळचं ऊन आणि उडणारं पाणीही त्याच बाजूने येतं. दुपारनंतरचा वायव्येचा वारा जाताना पाठीशी असतो, येताना समोरून. बोट लाटांवर तोंड देऊन चढते, आणि सकाळी मजेत गेलेल्या माणसालाही संध्याकाळी नाळेजवळची जागा महागात पडू शकते. परतीचं तिकीट संध्याकाळचं असेल आणि गोळी घ्यायची असेल, तर ती अलिबागच्या एसटी स्टँडवरून मांडव्याकडे निघतानाच घ्यावी. जेट्टीवर पोचून घेतली तर तिचा असर व्हायला लागेपर्यंत गेटवे आलेलं असतं.