गटार, मैला आणि कमंडलू

रहिमतपूरची नगरपालिका 1853 सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. गाव कमंडलू नदीकाठचं, आणि कमंडलूचं पाणी पुढे कृष्णेला मिळतं. म्हणून इथल्या मोरीतून निघणारं पाणी हा खालच्या गावांचाही प्रश्न आहे.

घरात येणाऱ्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. त्यातली घाण जिवाणू खातात, पण त्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात. पावसाळ्यात प्रवाह मोठा असल्याने नदी हे सोसते. उन्हाळ्यात छोट्या नदीत धार उरते ती बरीचशी गटाराचीच. मग प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. शुद्धीकरण केंद्रात हेच जिवाणू टाकीत, हवा देऊन कामाला लावतात.

पण केंद्रापर्यंत सांडपाणी नेणारं भुयारी गटारच मुळात छोट्या गावाला परवडत नाही. घरोघरी सेप्टिक टँक असतात आणि ते भरेपर्यंत कोणी बघत नाही. याच सातारा जिल्ह्यातल्या वाईने 2018 पासून ते ठरावीक पाळीने उपसून मैला वेगळ्या केंद्रात शुद्ध करायला सुरुवात केली. रहिमतपूरसारख्या गावांनी आधी तिथे जाऊन पाहावं.