एकत्र वीजखरेदी : दर उतरतो कशाने?

शेतकरी बंधूंनो, ठिबकची नळी एकट्याने घेतली तर एक भाव आणि गावातील दहा जणांनी मिळून घेतली तर दुसरा, हे आपणांस ठाऊक आहेच. विजेच्या खरेदीत सरकारी संस्थाही आता हाच मार्ग धरीत आहेत.

मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प पाहा. तेथील वीज घेणारे दोन : त्या राज्याची सरकारी वीजखरेदी कंपनी आणि दिल्ली मेट्रो. पैकी मेट्रोचा वाटा सुमारे २४ टक्के. दोघांची गरज एकत्र करून फेब्रुवारी २०१७ मध्ये लिलाव झाला, तेव्हा पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला. पुढे १५ वर्षे दरसाल ५ पैसे वाढ ठरली. सौर विजेला देशात त्याआधी इतका कमी दर मिळाला नव्हता.

माल जास्त म्हणून भाव उतरला, एवढेच मात्र समजू नये. प्रकल्प उभारणारा २५ वर्षांसाठी पैसा गुंतवतो. त्याला खरी धास्ती असते ती बिल थकण्याची. (ऊस घालून बिलाची वाट पाहणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको!) ही धास्ती तो दरात धरतो. रीवा येथे बिल थकल्यास राज्य शासनाची हमी होती. जमीन आणि वीज वाहून नेण्याची सोयही आधीच ठरली होती. त्यामुळे कर्ज स्वस्त पडले आणि दर खाली आला.

आपल्या राज्यातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच वाटेने जाते. ती २०१७ साली सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. गावोगावच्या शेतीपंपांच्या वाहिन्यांची गरज एकत्र करून महावितरण सौर वीज घेते. २०२४ मध्ये मंजूर झालेले दर युनिटला ३ रुपयांच्या आसपास आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने दरापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे ही वीज दिवसा मिळते. रात्री बारे धरताना साप-विंचवाचे, काही भागांत बिबट्याचे भय असते. ते टळते.

एकत्र खरेदीची एक अडचणही आहे. करार लांब मुदतीचा असल्याने पुढे बाजारात वीज स्वस्त झाली तरी घेणाऱ्यास सहजी बाहेर पडता येत नाही.

या योजनेत उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने देता येते. दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली आहे. एक मेगावॅटला साधारण चार एकर जमीन लागते. बागायती जमीन यात गुंतवू नये; खडकाळ, पडीक तुकडा असेल तरच विचार करावा. सही करण्यापूर्वी भाडे कोण देणार, कोणत्या महिन्यात देणार आणि मुदत संपल्यावर सांगाडे कोण काढून नेणार, हे करारात लिहून घ्यावे. सातबारावर भावांची नावे असतील तर त्यांची संमती आधी घ्यावी.